प्लेट नवी, तरी क्लच घसरतोय

नंदगडच्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. त्यांच्या केबल क्लचच्या पेट्रोल गाडीची क्लच प्लेट तीन आठवड्यांपूर्वी बदलली. पहिले काही दिवस ठीक गेले. आता गावात गाडी बरी चालते, पण चोर्ला घाट चढताना तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये रेस दिली की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पुढे सरकत नाही. पॅडल जवळजवळ पूर्ण वर आल्यावर गाडी उचलते. बदलली ती फक्त प्लेट. तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट ‘चांगली आहे’ म्हणून जुनीच ठेवली. गॅरेजवाले म्हणतात, ‘नवीन प्लेट आहे सर, हजार किलोमीटर पळवा, बसतंय की ते.’ पुढच्या आठवड्यात घरच्यांना घेऊन म्हापशाला लग्नाला जायचंय. तर गॅरेजवाल्याचं ऐकावं का, आणि गाडी घेऊन जावं का?

सर, दोन्हीला माझं उत्तर ‘नको’ आहे. मात्र लगेच गिअरबॉक्स खाली उतरवायलाही लावू नका. तुमच्या वर्णनातल्या दोन गोष्टी मला केबलकडे बोट दाखवतात: पहिले काही दिवस ठीक जाणं, आणि पॅडल अगदी वर आल्यावर गाडी उचलणं. केबलचं काम बॉनेट उघडून, पंधरा मिनिटांत, छोट्या पान्यावर होतं. ते आधी करा. तेवढ्यानं गेलं नाही, तर संशयाचा दुसरा मान जुन्या प्रेशर प्लेटचा.

‘बसतंय’ या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, ते आधी सांगतो. नव्या प्लेटचं लायनिंग, म्हणजे तिच्यावरचा घासणारा थर, आणि फ्लायव्हीलचा, म्हणजे इंजिनसोबत फिरणाऱ्या जड चाकाचा, फेस पहिल्या दिवशी एकमेकांना सगळीकडे सारखे टेकत नाहीत. उंचवटे घासून जायला गावातल्या चालवण्यात तीनशे ते पाचशे किलोमीटर लागतात. त्या काळात थोडा वास येईल, उचलताना किंचित थरथर जाणवेल, ते चालतं. पण चौथ्या गिअरमध्ये आरपीएम सुटणं आणि गाडी जागच्या जागी राहणं, हे बसण्याचं लक्षण नाही. नवी प्लेट घसरली की तापते, तापली की लायनिंगच्या वर काचेसारखा चकचकीत थर धरतो, आणि तो थर धरला की ती आणखी घसरते. म्हणजे ‘पळवा, बसतंय’ म्हणून पळवलेले हजार किलोमीटर प्लेटला बसवत नाहीत, संपवतात. शेवटी गॅरेजवालाच प्लेट काढून दाखवणार आणि म्हणणार, ‘बघा, तुम्ही हाफ क्लचवर चालवून जाळली.’

आधी एवढी खात्री करा की हे क्लचचंच आहे. फिल्टर तुंबून किंवा इंधन कमी पडून पिकअप गेला तर गाडी ओढत नाही, पण इंजिनचा आवाजही चढत नाही. क्लच घसरतो तेव्हा आवाज चढतो, वेग चढत नाही. सकाळी लवकर, मागे-पुढे कोणी नसताना, खानापूर-बेळगाव रस्त्याच्या सपाट तुकड्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी चाळीसच्या आसपास गाडी स्थिर ठेवा आणि ॲक्सिलरेटर एकदम खाली दाबा. चांगला क्लच असेल तर इंजिन जड आवाजात हळूहळू चढेल, वेगही सोबत चढेल. घसरत असेल तर आवाज आधी पळतो आणि गाडी मागून येते. आरपीएमचा काटा नसला तरी कान पुरतो. ही चाचणी वरच्या गिअरमध्येच करायची. पहिल्या-दुसऱ्यात गाडी सहज पळते म्हणून इंजिनचा पूर्ण जोर क्लचवर जास्त वेळ राहत नाही, आणि अर्धवट गेलेला क्लचही तिथे शहाण्यासारखा वागतो. गावात बरी चालते आणि घाटात मरते, त्याचं कारण हेच.

गॅरेजमध्ये आणखी एक पद्धत चालते: हँडब्रेक ओढून, तिसरा टाकून, रेस देत क्लच सोडायचा, इंजिन बंद पडलं तर क्लच चांगला. एकदा केलं तर ठीक. गिऱ्हाईकाला पटवायला चार-पाच वेळा तीच चाचणी करणारे लोक असतात, त्यांना थांबवा. प्रत्येक वेळी प्लेटचंच आयुष्य जातं.

आता केबल. पॅडल दाबलं की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या मधल्या पात्यांना, म्हणजे फिंगरना, दाबतं आणि प्लेट सुटते. क्लच पॅडल सोडलेलं असताना रिलीज बेअरिंगचा प्रेशर प्लेटच्या फिंगरवर दाब नसला पाहिजे. त्यासाठी केबलमध्ये थोडा मोकळेपणा ठेवतात; गॅरेजमध्ये त्याला फ्री प्ले म्हणतात. हा मोकळेपणा शून्य झाला की तुम्ही पॅडलवर पाय न ठेवताही बेअरिंग फिंगर दाबून धरतं, म्हणजे क्लच कायमचा थोडासा दाबलेला राहतो. प्लेट नवी असो वा जुनी, तिला पकडणारा जोरच कमी झाला तर ती घसरणारच.

आणि तुमच्याकडे नेमकं काय झालं असावं ते सांगतो. प्लेट झिजत जाते तशी प्रेशर प्लेटची फिंगर बेअरिंगच्या दिशेने सरकतात आणि फ्री प्ले आपोआप कमी होतो. म्हणून जुन्या प्लेटवर वेळोवेळी केबल सैल केलेली असते. नवी जाड प्लेट बसवली की फिंगर पुन्हा आत जातात, मोकळेपणा एकदम वाढतो, क्लच पूर्ण दाबूनही गिअर नीट पडत नाहीत. मग मेकॅनिक केबल आवळतो. ते बरोबरच आहे. पण ‘गिअर मख्खन पडायला पाहिजेत’ म्हणून जरा जास्त आवळतो, गाडी देतो. पहिले शे-दोनशे किलोमीटर प्लेट बसते, म्हणजे अगदी थोडी घासली जाते, फिंगर बेअरिंगकडे सरकतात आणि उरलासुरला फ्री प्लेही संपतो. म्हणून सुरुवातीला ठीक आणि मग घसरणं. म्हणूनच क्लच टाकल्यावर पाचशे ते हजार किलोमीटरला केबल पुन्हा तपासायला बोलवायचं असतं. आमच्या भागात हे सांगतात कमी आणि गिऱ्हाईकही येत नाही, ‘आता काय प्रॉब्लेम नाही की’ म्हणून.

तपासायचं कसं? इंजिन बंद, गाडी सपाट जागी, गिअर टाकून हँडब्रेक ओढलेला. आधी हाताने पॅडल दाबून बघा. सुरुवातीला काही अंतर ते अगदी हलकं जायला हवं, मग एकदम जड लागायला हवं. केबलच्या बहुतेक लहान गाड्यांत हे हलकं अंतर पॅडलवर साधारण १५ ते २५ मिलिमीटर असतं. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, तोच धरा. पहिल्या मिलिमीटरपासूनच जड लागत असेल तर फ्री प्ले नाही. मग बॉनेट उघडून गिअरबॉक्सवरचा लिव्हर शोधा, ज्याला केबलचं टोक नटाने धरलेलं असतं. तो लिव्हर हाताने हलवून बघा. दोन-तीन मिलिमीटर सैल हलायला पाहिजे. हलत नसेल तर नट सैल करा, पॅडल आठ-दहा वेळा दाबून सोडा, पुन्हा मोजा. मग तीच चौथ्या गिअरची चाचणी. घसरणं गेलं तर तुमचं काम झालं, खर्च चहाचा. फक्त रिव्हर्स पडतो का ते बघा. गाडी उभी असताना रिव्हर्स टाकताना कर्रर्र झालं तर जास्त सैल केलंय.

नट सैल करूनही लिव्हर परत येत नसेल तर केबल आतून अडकतेय. आपल्याकडे जांबोटी, कणकुंबी पट्ट्यात पावसाळा जो धो-धो कोसळतो, त्यात केबलच्या टोकाचं रबर फाटलेलं असलं की पाणी, लाल माती आत जाते आणि तार गंजून फुगते. लिव्हरच्या शाफ्टचं बुशही तसंच जाम होतं. गिअरबॉक्स चढवताना केबल चुकीच्या बाजूने वळवली, बॅटरीच्या ट्रेखाली दाबली, किंवा तिचं बाहेरचं कव्हर ब्रॅकेटमध्ये नीट बसलं नाही, तरी हेच होतं. केबलला ऑइल पाजून जगवू नका, बदला. क्लचच्या बाकी खर्चापुढे केबल काहीच नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जात नाही, कारण ती फार कमी लोक बघतात. इंजिनची अर्थिंगची पट्टी बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सच्याच एखाद्या बोल्टला असते. गिअरबॉक्स उतरवताना ती काढावी लागते आणि चढवताना विसरते, किंवा गंजलेल्या, रंग लागलेल्या जागी आवळली जाते. मग सेल्फ मारताना जो मोठा करंट बॅटरीकडे परत जायचा, तो दुसरी वाट शोधतो, आणि इंजिनला बॉडीशी जोडणारी लोखंडी तार म्हणजे क्लचची केबल. ती तापते, आतलं प्लॅस्टिकचं लायनर वितळतं, केबल जड होते आणि परत येत नाही. क्लच टाकल्यावर सेल्फ सुस्त झालाय आणि पॅडल ताठ झालंय, असं दोन्ही एकदम असेल तर आधी ती पट्टी बघा. सेल्फ मारल्यावर केबलला हात लावून गरम लागली तर शंकाच उरली नाही. अशा वेळी नुसती केबल बदलली तर नवी केबलही जळते.

इंजिनचे माउंटिंग बोल्टही गिअरबॉक्सच्या कामात ढिले केले जातात. एखादा राहिला तर जोर पडताच इंजिन मागे-पुढे झुलतं आणि केबल ओढतं. रिकाम्या गाडीत काही नाही, चढाला भरल्या गाडीत घसरतं. बॉनेट उघडून, एकाला गाडीत बसवून, जरा रेस देऊन इंजिन किती उडी मारतं ते बाजूला उभं राहून बघा. समोर उभं राहू नका.

ज्यांच्या गाडीत केबल नाही, हायड्रॉलिक क्लच आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. तिथे पॅडलचा जोर तारेऐवजी तेलातून जातो: पॅडलजवळच्या मास्टर सिलिंडरमधून गिअरबॉक्सकडच्या स्लेव्ह सिलिंडरला. फ्री प्ले पॅडल आणि मास्टर सिलिंडरच्या दांड्यामध्ये असतो. तो दांडा जास्त लांब केला तर मास्टर सिलिंडरमधलं परत जाण्याचं बारीक भोक उघडत नाही, तेल गरम होऊन फुगलं की त्याला जागा मिळत नाही आणि क्लच आपोआप थोडा दाबला जातो. याची खूण अशी की सकाळी ठीक, वीस-पंचवीस किलोमीटरनंतर घसरतं आणि थंड झालं की परत ठीक. घसरत असतानाच ब्लीडिंगचा नट क्षणभर सैल करा. तेलाची पिचकारी उडाली आणि क्लचने पुन्हा पकड घेतली तर दोष प्लेटचा नाही. या क्लचच्या तेलाच्या टाकीत डॉट-३ किंवा डॉट-४ ब्रेक ऑइलच जातं. कोणी घाईत पॉवर स्टिअरिंगचं किंवा इंजिनचं ऑइल ओतलं असेल तर रबरी सील फुगतात, पिस्टन परत येत नाही. टाकीच्या झाकणाखालचं रबर फुगलेलं दिसलं की समजायचं, सगळी रबरं बदलायची आणि लाइन धुवायची. स्लेव्ह सिलिंडर बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लच झाकणाऱ्या कव्हरच्या आत, बेअरिंगसकट बसवलेला असेल तर त्याची गळती थेट प्लेटवर जाते. गिअरबॉक्स उतरला असताना तो जुना ठेवणं म्हणजे पुढच्या मजुरीची सोय.

बाहेरून सगळं ठीक निघालं तर मग गिअरबॉक्स उतरवायचा. उतरवण्याआधी गाडीखाली जाऊन बेलहाउसिंगच्या तळाशी बघा. तिथे बहुतेक गाड्यांना बारीक भोक किंवा पत्र्याचं झाकण असतं. तिथून काळसर ऑइल ओघळत असेल तर संशय क्रँकच्या मागच्या सीलवर. घट्ट आणि गंधकासारख्या उग्र वासाचं असेल तर ते गिअर ऑइल, म्हणजे गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचं, इनपुट शाफ्टचं सील. इंजिनच्या वरच्या झाकणाचं, म्हणजे टॅपेट कव्हरचं ऑइल खाली उतरून तिथे पोचलेलंही मी पाहिलंय, म्हणून नुसता थेंब बघून निकाल देऊ नका, तो कुठून आला ते वरपर्यंत शोधा.

ऑइल लागलेली प्लेट धुऊन वापरायची नाही. पेट्रोलने धुतात, रॉकेलने धुतात, डिझेलनेही धुतात. लायनिंग ऑइल पितं आणि गरम झालं की पुन्हा बाहेर सोडतं. रॉकेल-डिझेल तर स्वतःचाच तेलकट थर ठेवतं. सील बदला आणि प्लेटही बदला. कधीकधी ऑइल बाहेरून आलेलंच नसतं. नव्या प्रेशर प्लेटच्या फेसवर गंज चढू नये म्हणून कंपनी जे तेल लावते ते न पुसता बसवतात. स्प्लाइनवर, म्हणजे प्लेट ज्या दातेरी दांड्यावर सरकते त्यावर, बोटभर ग्रीस थापतात आणि ते फिरताना उडून लायनिंगवर जातं. ग्रीसच्या हातांनी प्लेट धरतात. स्प्लाइनवर ग्रीस दिसेल न दिसेल एवढंच लागतं. फेस ब्रेक क्लीनरने किंवा थिनरने, स्वच्छ फडक्याने पुसायचा, आणि मग त्याला बोटं लावायची नाहीत. उतरवलेल्या क्लचची काळी पूड मात्र हवेच्या पाइपने उडवायची नाही. काही लायनिंगमध्ये अजूनही अस्बेस्टॉस असू शकतं, आणि ते फुप्फुसात गेलेलं परत निघत नाही. ओल्या फडक्याने पुसा.

तुमच्या बाबतीत बघण्याची मुख्य गोष्ट जुनी प्रेशर प्लेट. क्लचचा जोर कशावर ठरतो? लायनिंगची घासण्याची ताकद, प्रेशर प्लेट किती जोरात दाबते, आणि प्लेटचा व्यास. नव्या प्लेटने तुम्हाला यातली पहिली गोष्ट मिळाली. दाबण्याचं काम प्रेशर प्लेटमधल्या डायफ्राम स्प्रिंगचं आहे, ती तुम्ही जुनीच ठेवलीत. नुसत्या वापराने ही स्प्रिंग सहसा लवकर ढिली पडत नाही, हे खरं. पण आधीची प्लेट जळेपर्यंत घसरली असेल तर त्या तापात ती मऊ पडते. फेस आणि फिंगरचा रंग बघा. लोखंडावर निळी झाक साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास येते. निळे डाग, केसासारख्या बारीक भेगा, किंवा फिंगरची टोकं एका उंचीत नसणं, यातलं काहीही दिसलं तर ती प्रेशर प्लेट भंगारात. काही जण तिचा फेस लेथवर मारून ‘नवी’ करतात. तसं केलं की ती तेवढी पातळ होते आणि दाब घटतो. म्हणून माझा नियम साधा आहे: प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकाच किटमध्ये, एकाच वेळी. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी तुम्ही एकदा देणार. त्यात वाचवलेले पैसे दुसऱ्या मजुरीत जातात. रिव्हेट मारून नवं लायनिंग चढवलेली प्लेट ट्रॅक्टरला, जुन्या ट्रकला चालून जाते. घाट चढणाऱ्या छोट्या गाडीत मी ती घालत नाही.

फ्लायव्हीलबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे चांगल्या हातांचीही गफलत होते. बेळगावला या कामाची सोय आहे. उद्यमबागेत लेथ, ग्राइंडिंग, फाउंड्री सगळं एका हाकेवर आहे आणि मापाला पक्के टर्नर आहेत. पण टर्नर तुम्ही सांगाल तेवढंच करतो. काही गाड्यांची फ्लायव्हील सपाट असते, प्लेट आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट एकाच पातळीवर. तिचा फेस मारला तर दाबात फरक पडत नाही. काहींची पायरीची असते: प्लेट खालच्या पातळीवर बसते आणि प्रेशर प्लेट वरच्या कडेवर आवळली जाते. अशी फ्लायव्हील पाठवताना ‘आतला फेस साफ मारून दे’ एवढंच सांगितलं तर तो आतलाच फेस अर्धा मिलिमीटर खाली नेतो. आता पायरी खोल झाली, प्रेशर प्लेट तेवढी वर राहिली, आणि अगदी नवं किटही पहिल्या दिवसापासून घसरतं. बाहेरून काहीच चूक दिसत नाही, म्हणून लोक दोन-दोन किट बदलतात. उपाय एवढाच की कडाही तेवढ्याच मापाने खाली घ्यायची आणि पायरीची उंची कंपनीच्या मापाला आणायची. डिझेलच्या काही गाड्यांत दुहेरी, आत स्प्रिंग असलेली फ्लायव्हील असते. ती साध्या फ्लायव्हीलसारखी लेथवर धरायची नाही. ती बिघडली तर बदलावी लागते आणि ती महाग असते, हे गिअरबॉक्स उतरवायच्या आधीच मालकाला सांगून ठेवावं.

फेस मारलाच नाही तरी चालतं का? फ्लायव्हीलवर चकचकीत थर, निळे ठिपके किंवा बोटाला लागणारी खाच नसेल तर बारीक सँडपेपर मारून, पुसून चालतं. खाच असेल तर नवी प्लेट फक्त उंचवट्यावर टेकते आणि तेवढीच जळते.

बसवण्यातल्या चुकांपैकी एक हमखास तपासा. प्लेटची एक बाजू फ्लायव्हीलकडे यायची असते, तसं तिच्यावर लिहिलेलंही असतं. उलटी बसली तर मधला फुगवटा फ्लायव्हीलच्या बोल्टांना टेकतो आणि प्लेट धड दाबलीही जात नाही, धड सुटतही नाही. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे करून आवळावे लागतात. न्यूमॅटिक गनने एकेक बोल्ट शेवटपर्यंत मारला की कव्हर वाकतं. स्वतःच ॲडजस्ट होणारी प्रेशर प्लेट असलेल्या गाड्यांना तर बसवायचं वेगळं टूल लागतं. ते गॅरेजमध्ये नसेल तर ते काम तिथे देऊ नका.

चुकीचा पार्ट हेही एक कारण आहे. १८०, १९०, २००, २१५ मिलिमीटर अशा जवळजवळच्या मापांत प्लेटा येतात. एकाच नावाच्या गाडीचं इंजिन मध्ये बदललेलं असतं, पेट्रोल-डिझेलचा फरक असतो, आणि स्प्लाइन जुळली म्हणून लहान प्लेट मोठ्या इंजिनमागे बसूनही जाते. पार्ट घेताना गाडीचं नाव सांगू नका, चेसिस नंबर सांगा. जुनी प्लेट दुकानात सोबत न्या, दोन्ही एकमेकांवर ठेवून बघा.

आता तुमच्या गॅरेजवाल्याशी कसं बोलायचं. भांडत जाऊ नका. तो फसवतोच आहे असं धरण्यासारखं तुमच्या सांगण्यात काही नाही. ‘केबल एकदा माझ्यासमोर चेक करा’ एवढंच म्हणा. तुमच्यासमोर फ्री प्ले दाखवून, चाचणी घेऊन गाडी दिली तर बात संपली. गिअरबॉक्स पुन्हा उतरवायची वेळ आली तर आधी कागदावर ठरवून घ्या: दोष बसवण्यात निघाला तर मजुरी कोणाची, पार्टमध्ये निघाला तर बदली कोण देणार, आणि सील गळत असेल तर ते वेगळं काम म्हणून त्याचे पैसे. हे शेवटचं न्याय्य आहे, त्यावर वाद घालू नका. उतरवताना तुम्ही किंवा जाणकार कोणी तिथे हजर राहा. प्लेट हातात आली की रिव्हेटच्या डोक्यापासून लायनिंगचा पृष्ठभाग किती वर आहे ते मोजायला सांगा. तीन आठवड्यांच्या प्लेटमध्ये ते अंतर भरपूर असायला हवं, ०.३ ते ०.५ मिलिमीटरवर आलं असेल तर प्लेट संपली. प्लेट ऑइलने ओली आहे, जळून काळी आहे, की एकाच बाजूला घासली आहे, हे तिच्यावर दिसतं. मोबाइलवर फोटो काढा आणि जुने पार्ट घरी आणा.

बिल जीएसटीसह घ्या, पार्टच्या खोक्यावरचा नंबर त्यावर लिहून घ्या. बिल नाही तर वॉरंटी नाही. आणि आपण सीमेवरची माणसं. गाडी केए-२२ ची, दुरुस्ती कधी कोल्हापुरात तर कधी फोंड्यात, म्हणून ‘तक्रार करायला तिकडे कोण जाणार’ असं म्हणून लोक सोडून देतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला बेळगाव. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा. बहुतेक वेळा इतकं लांब जावंच लागत नाही. बिल आणि फोटो हातात आहेत हे दिसलं की बोलणं नीट होतं.

राहिलं म्हापशाचं लग्न. केबलने काम झालं तर आधी एकदा रिकामी गाडी जांबोटीपर्यंत नेऊन आणा, मग घरच्यांना घेऊन खुशाल जा. झालं नसेल तर एस.टी. किंवा भाड्याची गाडी. तुम्हाला वाटेल, जाताना तर उतारच आहे, चढ येताना लागेल, तेव्हा बघू. पण जातानाही धोका आहेच. चोर्ल्याचा उतार आपण खालच्या गिअरवर, इंजिनच्या ओढीवर उतरतो. क्लच घसरणारा असेल तर तो उतारालाही घसरू शकतो, मग इंजिन गाडीला रोखत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. खाली साखळी गावापर्यंत ब्रेक तापलेले असतील, त्यात पावसाचं धुकं. लोंढा-अनमोडने गेलात तरी घाट तो घाटच.

आणि कधी चढावर अडकलातच, तर रेस वाढवू नका. क्लचला जे पेलवत नाही तो इंजिनचा जोर आहे, वेग नव्हे. एक गिअर खाली घ्या, ॲक्सिलरेटर अर्धाच ठेवा, इंजिन जरा वरच्या आरपीएमवर पण हलक्या भाराने चालू द्या. तेवढाच चढ कमी ओढीत निघतो. एसी बंद करा. उसाच्या ट्रॉलीमागे सापडलात तर हाफ क्लचवर सरपटत राहू नका, बाजूला थांबा, ट्रॉली वळण पार करू दे. चढावर थांबताना क्लचवर नाही, हँडब्रेकवर. जळका वास आला की गाडी बाजूला घेऊन अर्धा तास बॉनेट उघडं ठेवा. प्लेट बंद डब्यात आहे, ती सावकाश थंड होते. केबलची गाडी असेल तर तोवर तो लिव्हरवरचा नट चार फेरे सैल करून बघा. गिअर जरा ओरडून पडतील, पण घरी पोचाल. त्यासाठी त्या नटाच्या मापाचा पाना डिकीत टाकून ठेवा. चोर्ल्यात मोबाइलला रेंज धड मिळत नाही.